नागसेनचा डावा कोपरा

इंदूबाई आयुष्यात पहिल्यांदा कबड्डीचा सामना बघायला बसल्या, तेही पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या सोफ्यावर. नागसेन होता तेव्हा त्यांनी मैदानाकडे पाऊल टाकलं नव्हतं. "गुडघे फोडून येते पोट्टं, ते काय पाहाचं?" म्हणायच्या. पकडीचा सराव मात्र घरातच चाले. त्या ओट्याशी उभ्या असल्या की नागसेन मागून येऊन घोटा धरी.

"सुटून दाखव, माय."

"सोड बे, भाजी करपून राहिली."

खेळाच्या जोरावर पोरगा फौजेत लागला आणि सीमेवरच्या लढाईत तोफगोळ्यानं गेला. चांदूर बाजारच्या त्याच्या मंडळानं आज त्याच्या नावानं सामने भरवले होते.

पण मैदानात काय चाललंय, ते इंदूबाईंना उमगेना. मंडळाचे सहाच गडी उभे. डावा कोपरा रिकामा, तिथं झेंडूच्या पाकळ्या.

"सातवा कुठं हाय?" त्यांनी शेजारी बसलेल्या खुशालराव वस्तादांना विचारलं.

"ते जागा नागसेनची होय, बाई. मानासाठी मोकळी ठेवली. पोट्ट्यायनंच ठरवलं."

समोरच्या परतवाड्याच्या संघाचा गडी चढाईला आला, पाकळ्यांपाशी थबकला, वाकून हात लावला नि परत गेला. टाळ्या पडल्या. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्याला मात्र राहवलं नाही. रिकाम्या बाजूनं घुसला आणि दोघांना बाद करून निसटला.

"अबे, शरम हाय का नाई?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"मी तं खेळून राहिलो," तो गांगरला. "मंग कुठून येऊ? तुमीच सांगा."

पंचांनी शिट्टी फुंकली खरी, पण पुढे काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी कर्णधार सागर घाम पुसत सोफ्यापाशी आला.

"काकू, तुमी म्हनान तसं. रोहितले उभा करू तिथं?"

रोहित राखीव गडी. गुडघ्याला पट्टा बांधून, मान खाली घालून बाकावर बसला होता. हो म्हटलं तर पोराची जागा आपल्या तोंडानं दुसऱ्याला दिली. नाही म्हटलं तर त्याच्याच नावाच्या सामन्यात त्याचं मंडळ हरणार.

"हे दोघं बाहेर काहून बसले?" त्यांनी भलतंच विचारलं.

"बाद झाले. आपन त्यायचा गडी धरला का येतीन आत."

"वापस येतेत?"

"येतेत ना."

"मंग आजवर इतके गडी धरले तुमी, माहा काहून नाई आला?"

सागर खुशालरावांकडे बघू लागला. खुशालराव जमिनीकडे.

"उभा कर त्याले," इंदूबाई म्हणाल्या. "पन ते फुलं उचल. पाय पडन कोनाचा."

सागरनं पाकळ्या ओंजळीत गोळा केल्या आणि कुठं ठेवाव्या ते न कळून त्यांच्याच पदरात टाकल्या.

रोहित कोपऱ्यात उभा राहिला. पुढच्या चढाईला त्यानं झेप घेतली. घोटा हातात आला, आणि सुटला. मैदान हळहळलं. इंदूबाईंना मात्र एकदम हायसं वाटलं, आणि ते कशाचं, हे कळताच त्या दचकल्या.

"घट्ट धर ना रे," त्या पुटपुटल्या.

"मले म्हनलं का?" खुशालरावांनी विचारलं.

"नाई. कोनाले म्हनलं, मलेच समजून नाई राहिलं."