पडलेल्या कॅमेऱ्याची टेप

टेपवाल्याला वाकडं काही खपत नसे. कुणाच्या घरी गेला तरी आधी भिंतीवरचा फोटो सरळ करायचा आणि मग बसायचा. बायको कानात पुटपुटायची, "अहो, माणसं बघायला आलोय आपण, खिळे नाही." पण त्याचं पोट त्या खोडीवरच चालत होतं. लोक जुन्या कॅमकॉर्डरच्या कॅसेटी आणून टाकत. कुठली टेप ताणलेली, कुठली बुरशी धरलेली, चित्राची वरची कड वाकून सगळ्यांच्या माना एका बाजूला कललेल्या. हा टेप पुसून, चित्र ताळ्यावर आणून ते कॉम्प्युटरवर उतरवून देई. हे सगळं एकाच प्लेअरवर. तसा प्लेअर आता कुणी बनवत नाही. बायकोशी बोलताना नसेल एवढा तो त्याच्याशी जपून वागे, आणि बायकोचं हे सुनावूनही झालं होतं.

त्याची थोरली बहीण एक दिवस कॅसेट घेऊन आली. ताईचा एकुलता एक मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी बापाशी भांडून घरातून गेला, तो गेलाच. फोन नाही, निरोप नाही. भाऊजींनी त्याच संतापात त्याचा एकूण एक फोटो जाळला. नंतर ढसाढसा रडले, पण त्याचा काय उपयोग? आता भाऊजीही गेले होते, आणि घर आवरताना कपाटामागे ही कॅसेट सापडली होती.

"त्याचा चेहरा आठवेनासा झालाय मला," ताई म्हणाली. "नाक आठवतं, केस आठवतात. सगळं एकत्र येत नाही रे."

टेपवाल्याने कॅसेट लावली. पडदाभर पांढरे पट्टे आणि नुसती घरघर. पट्ट्यांच्या आड निळं काहीतरी डुलत होतं.

"तोच तो," ताई खुर्चीच्या कडेवर आली. "निळा शर्ट होता त्याच्याकडे."

रोग काय आहे हे टेपवाल्याला बघताक्षणी कळलं. भाच्याने तो कॅमेरा जिन्यावरून पाडला होता आणि मामानेच तो जोडून दिला होता. तेव्हापासून तो जरा तिरकाच चाले. त्याने तिरकं टिपलेलं त्याला स्वतःलाच नीट दाखवता येई. आणि कॅमेरा तर पोराबरोबर गेलेला. आता इलाज एकच होता. टेप ज्या दोन बारीक खांबांना वळसा घालते, ते खांब फिरवून प्लेअरही तेवढाच तिरका करायचा. खांबांचे स्क्रू झिजलेले होते. एकदा हलले की पुन्हा जागेवर बसतील याचा भरवसा नव्हता, आणि शेल्फवर लोकांच्या कॅसेटी वाट बघत पडल्या होत्या. हे त्याने ताईला सांगितलं.

"मग राहू दे," ती म्हणाली. नजर मात्र पडद्यावरच होती. लहानपणी स्वतःच्या ताटातलं त्याच्या ताटात वाढतानाही ती असंच "मला राहू दे" म्हणायची. त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला.

केसभर फिरवायचं, बघायचं, पुन्हा केसभर. पट्टे हळूहळू खाली गोळा झाले, मग गेले. आवाज मोकळा झाला. तेवढ्यात एका खांबाचा स्क्रू करकरला आणि बोटाखाली गरागरा फिरू लागला. आटे गेले होते. टेपवाल्याने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला.

पडद्यावर स्वयंपाकघर होतं. निळं माणूस वळलं. ती ताईच होती, काळ्याभोर केसांची, निळ्या स्वेटरमधली. "माझं काय काढतोस मेल्या, दुसरं काही दिसत नाही का?" कॅमेऱ्यामागून हसू आलं.

"हसतोय बघ," ताई म्हणाली. "येईल आता तो."

जिना आला, खिडकी आली, दाराशी पडलेले बूट आले, पुन्हा ताई आली. ज्याच्या हातात कॅमेरा तो चित्रात कुठून येणार? आयुष्य ज्याचं असल्या टेपांत गेलं त्याला हे आधी सुचलं नसेल असं कसं म्हणावं? सुचलं असेल, पण बहिणीच्या तोंडाकडे बघून त्याने ते गिळलं असेल.

मग कपाटाचा आरसा आला. आरशात पोरगा उभा होता. एक कान, वर आलेलं कोपर, तोंडावर कॅमेरा. पोराने कॅमेरा हळूच खाली घ्यायला सुरुवात केली. कपाळ दिसलं, एक भुवई दिसली. एवढ्यात टेपमध्येच आतून ताईचा आवाज आला, "बंद कर आधी ते. जेवायला ये."

चित्र गेलं. पुढे टेप कोरीच होती.

कॉम्प्युटरवर उतरलेलं चित्र टेपवाल्याने तसूतसूने सरकवून पाहिलं. कपाळ, भुवई, काळोख. डोळे कॅमेऱ्याआडच राहिले.

"हाका मारून मारून घसा बसायचा माझा," ताई म्हणाली. "कधी एका हाकेत आला नाही." तिने पदर नाही की रुमाल नाही, तळहातानेच तोंड पुसलं. "ही एकच ऐकली रे त्याने."