जावयाचं राज्य

बोरगाव मेघेत पत्त्यांना माणसं मिळतात, कॅरमला तर बोलवावंही लागत नाही. माझ्या खेळाला मिळत नाहीत. मोठा नकाशा, चार राज्यं, धान्य, सैन्य, तह. चार माणसं लागतात आणि अख्खी दुपार जाते. ऑफिसातले सगळे "येतो न भाऊ" म्हणाले. आला एकच. नियम अर्धे ऐकून म्हणाला, "इतकं डोकं असतं तं मी तहसीलदार झालो नसतो का?" मग आम्ही रमी खेळलो.

एकट्यानं चारही बाजूंनी खेळून पाहिलं. स्वतःला फसवता येत नाही. कुणीतरी माझ्यावर चालून यावं, बस, एवढंच हवं होतं मला.

दिवाळीत आष्टीला सासुरवाडीला गेलो तेव्हा खेळाचा डबा सोबत नेला. बायको म्हणाली, "काऊन लोकायले तरास देता?" पण दुपारी सासरे, सासूबाई आणि मेहुणा सतरंजीवर येऊन बसले. चौथा मी. नियम सांगितले. सासूबाईंना एका दमात कळले. मला आठवडा लागला होता. मी मनातून जाम हुरळलो.

बघता बघता निम्मा नकाशा माझा झाला. मेहुण्याचं सैन्य माझ्या सीमेपर्यंत येई आणि वळून बापाच्याच राज्यात घुसे. मग मी राजधानी मुद्दाम मोकळी सोडली, एक शिपाई ठेवला नाही. सासूबाईंनी तिकडे बघितलं आणि उलट मलाच दोन पोती धान्य दिलं.

"अहो, घ्या ना राजधानी! मोकळी आहे."

"अव माय! जवायाचं घेत असतेत का कोणी?"

मेहुणा खाली मान घालून हसत होता. मी जिंकलो. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा पुरा डाव झाला आणि तो असा फुकट गेला. संताप आला, पण सासुरवाडीत जावयानं रागवायचीही सोय नसते, लगेच करंज्यांचं ताट पुढं येतं.

डोकं दुखतं सांगून उठलो, नव्या डावाला बायकोला माझ्या जागी बसवलं आणि आत खाटेवर पडलो. थोड्या वेळानं बाहेर कल्ला सुरू झाला.

"आई, तू तं तह केलता ना माह्यासंगं!"

"केलता. आता मोडला."

सासूबाईंनी पोटच्या पोरीची राजधानी घेतली होती. त्यांच्यावर मागून सासरे चालून आले होते, आणि मेहुणा, जो माझ्यासमोर तोंड उघडत नाही, तो बापाला लबाड म्हणत होता. असा खेळ मी किती दिवस शोधत होतो! राहवलं नाही. बाहेर आलो आणि बायकोला म्हटलं, "सरक, मी बसतो." तिचं राज्य जवळजवळ बुडालं होतं. मला ते तसंच हवं होतं.

"या ना बापू, बसा," सासूबाई म्हणाल्या, आणि राजधानीतले आपले शिपाई एकेक करून उचलून घेऊ लागल्या.