रहिमाबीची देगची

रहिमाबी गेल्याचं मला तिच्या दफनानंतर पाच दिवसांनी कळलं. अकोल्याहून तिच्या मुलाचं कार्ड आलं. मी चौथी शिकलेली आहे, चार ओळी मला वाचता येतात. दोनदा वाचल्या, कार्ड गव्हाच्या डब्यामागे ठेवलं आणि भाकरी थापायला बसले. रडू आलं नाही. आमच्या वयाला माणसं जातातच. पण तिच्याबद्दल एक गोष्ट मला चारचौघांत सांगायची आहे, आणि ती सांगायला मी तरी किती दिवस आहे... म्हणून लिहिते.

मेलेल्या माणसाला लोक गोड करून टाकतात. रहिमाबी गोड नव्हती. बोलायची तर समोरच्याची साल निघायची. मीही काही कमी नव्हते, म्हणून आमचं जमलं असावं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता. आम्ही माळी. वलगावच्या रस्त्याला आमचा भाजीचा मळा आणि थोडी संत्र्याची झाडं होती. तिचा नवरा बागवान, दरवर्षी आमच्या संत्र्याचा बार, म्हणजे झाडावरचं पीक, विकत घ्यायचा. घर त्यांचं अमरावतीत, बाजाराजवळ. बाजाराच्या दिवशी टोपली रिकामी झाली की मी तिच्या अंगणात टेकायची. न खपलेली वांगी, वालाच्या शेंगा तिच्यापुढे ओतायची आणि ती म्हणायची, "कौसल्या, बाजारात कोनी घेत नाही ते माझ्याच माथी मारतंस काय वं?"

त्याच भाजीची ती देगची लावायची. तह की देगची, थराथरांची, म्हणत असत तिच्याकडे. तळाला चरबी आणि जाड चिरलेला कांदा, त्यावर हळद-मीठ-आलं-लसूण चोळलेलं मटण, हाडासकट. त्यावर बटाट्याच्या जाड चकत्या. मग उभी फाडलेली वांगी, मग शेंगा, आणि सगळ्यांवर भेदरं, म्हणजे टोमॅटो, हिरव्या मिरच्या आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. पाण्याचा थेंब नाही. पळी फिरवायची नाही. झाकण ठेवून कडेला कणकेची वळी लावायची आणि ती अंगठ्याने दाबत दाबत तोंड बंद करायचं. खाली बाभळीचे निखारे, झाकणावर निखारे. आत काय चाललंय ते उघडून बघायचं नाही, कान लावून ऐकायचं. खदखद थांबून नुसती चरचर उरली की उतरवायची. वाढताना पळी सरळ तळापर्यंत घालायची, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात सगळे थर येतात. वरवरची भाजी काढणाऱ्याच्या हातावर ती पळी मारत असे.

आमच्यात मटण चालायचं, मुसलमानाच्या घरचं शिजलेलं चालायचं नाही. मी खात होते. दोन-तीन वर्षं खाल्लं. सगळ्यात जास्त मला ती कडेची भाजलेली कणीक आवडायची, आतून रश्श्यात भिजलेली, बाहेरून कडक. एका बाजाराच्या दिवशी ती तोडून तोंडात घालताना आमच्याच जातीच्या एका बाईने मला कुडाच्या फटीतून पाहिलं.

माझ्या गिरजेचं लग्न मूर्तिजापूरला ठरलेलं होतं. साखरपुडा झाला होता. पंच देवळात बसले. मला वाळीत टाकलं असतं तर सोयरीक मोडली असती, आणि मोडलेल्या सोयरिकीच्या पोरीला पुढे कोण विचारतं? मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी काही खाल्लं नाही. ती बाई म्हणाली, मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा पंचांनी बागवानाला बोलावणं धाडलं. तो संत्री घेऊन अचलपूरला गेला होता. रहिमाबी स्वतः आली.

ती पायऱ्यांच्या खाली उभी राहिली. वर तिला कोणी बोलावलं नाही. एका पंचाने विचारलं, "ह्या बाईनं तुह्या घरी खाल्लं का नाही?"

"नाही."

"मंग कनीक तोडून राहिली होती ते?"

"देगची का मुंह खोल रही थी. माझे हात मसाल्याचे होते." मग तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "कुराण की कसम. इसने मेरे घर का पानी भी नहीं पिया."

पाच वेळा नमाज पढणारी बाई होती ती. मी बायकांच्या मागे पदर पुढे ओढून उभी होते. एक शब्द बोलले असते तर तिला शपथ घ्यावी लागली नसती. मी बोलले नाही. पंच उठले, गिरजेचं लग्न ठरल्या दिवशी लागलं.

पुढच्या बाजाराला मी तिच्याकडे गेले. तिने मला उंबऱ्याबाहेर पोतं टाकून दिलं. देगची चुलीवर होती. मी म्हटलं, "रहिमाबी, तू माह्यावर लई उपकार केले."

"उपकार नको सांगू. कसम झूठी थी, आता ती खरी करून राहिली मी. आजपासून माझ्या घरचं पानी बी तुला नाही."

"अन् किती दिवस?"

"जवर जित्ती आहे तवर. तुझ्या घरी मी खाईन. ती कसम नाही खाल्ली मी."

मला वाटलं, चार महिन्यांत विसरेल. त्याच पावसाळ्यात तिचा थोरला मुलगा तापाने गेला. तो ताप घराघरात होता, आमच्या आळीतलीही तीन माणसं गेली. मी तिला तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, "ताप सबको था, कौसल्या. कसम मेरी थी." त्यानंतर हा विषय तिने कधी काढला नाही, मीही काढला नाही. माझी पोर संसाराला लागली, तिचं पोर मातीत गेलं. ह्याचा हिशेब मला कधी लावता आला नाही...

मग देगची माझ्या घरी लागायला लागली. कच्चं चालत होतं, म्हणून मटण ती तिच्या कसायाकडून आणायची आणि माझ्या मागच्या अंगणात बसून हुकूम सोडायची. पहिल्यांदा मी ज्वारीच्या पिठाने तोंड बंद केलं. पीठ तडकलं, वाफ गेली, वांगी कच्ची राहिली. "बीस साल चूल फुंकली, इतकंही कळत नाही काय?" म्हणाली, आणि तीच कच्ची वांगी खाल्ली. खायला थाळी ती घरून आणायची. आमच्या घरात तिच्यासाठी थाळी नव्हती, तेही लिहून ठेवते.

पुढे ती धाकट्या मुलाकडे अकोल्याला गेली. वर्षातून एकदा मी एसटीने जायची, उंबऱ्याशी बसायची, माझ्या तांब्यातलं पाणी प्यायची आणि परतायची. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती. तरी सुनेने एकदा मला चहा आणला तेव्हा तिने बाजेवरून हात हलवून तो परत पाठवला.

ती गेल्यावर चाळिसाव्या दिवसाला मी अकोल्याला गेले. सुनेने, नसीमने, देगची लावली होती. पळी सरळ तळापर्यंत घातली, ताट भरलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

"खाला, अम्मी होती तवा बी तुमी कदी काही घेतलं नाही. आज तरी घ्या."

"मले चालत नाही, बाई."

नसीमचा चेहरा पडला. "इतकी वर्षं येऊन राहिल्या तुमी," ती हळू म्हणाली, "अन् अजून बी आमचं चालत नाही?"

"नाही चालत."

तिने ताट उचललं. तिथे मला बोलता आलं नाही, म्हणून नसीम, इथे लिहिते. मी तुमच्या घरचं खाल्लेलं आहे, हाडं चोखून खाल्लेलं आहे. खोटं मी बोलले. तुझ्या सासूने ते स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मरेपर्यंत खरं करत राहिली. तिच्या मागे मी ते कसं मोडू?

निघताना चुलीजवळ कणकेची वळी पडलेली दिसली, अंगठ्याच्या खुणांसकट. एक तुकडा उचलून पदरात बांधला. तो आता गव्हाच्या डब्यामागे कार्डाजवळ आहे, दगडासारखा झालेला. परवा त्याला मुंग्या लागल्या. झटकला आणि परत तिथेच ठेवला.