रिकाम्या हौद्यात

पिकअप बघायला शोरूममध्ये आलेला माणूस आधी स्टेअरिंगला हात लावतो, मग हॉर्न वाजवतो आणि शेवटी मायलेज विचारून नाक मुरडतो. निलंग्याकडचे भुजंगराव यातलं काही न करता सरळ मागच्या हौद्यात चढले आणि उताणे झोपले.

"मामा, गाडी पुढून चालवतेत," विक्रीवाला श्रीशैल म्हणाला.

"तू चालव. मी हितंच हाय. औशाच्या रोडला घे."

"मग माल भरून बघा की. छोटी दिसती, पण पाटे वाढवून देतो, दुप्पट वढंल."

"न्हाई. मला रिकामी बघायची हाय."

आपल्याकडे पिकअप घराआधी गॅरेजात जाते. कंपनीचे स्प्रिंगचे पाटे सोयाबीनच्या पोत्यांना पुरायचे नाहीत, म्हणून खाली आणखी दोन ठोकून घ्यायचे. भुजंगरावांनीही जुन्या गाडीला ठोकले होते आणि गावभर मिरवलेही होते. अशी गाडी भरलेली असली की लोण्यासारखी जाते. रिकामी मात्र आपटते, आतलं माणूस उडतं. हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण श्रावणात बायकोच्या, उज्ज्वलाबाईंच्या पोटात असह्य दुखू लागलं, तेव्हा हौद्यात गादी टाकून ते औशावरून थेट लातूरच्या दवाखान्याकडे सुटले. गाडी दबावी म्हणून चार पोती सोबत टाकायची, एवढं सुचलं नाही. बाई दर खड्ड्याला मागून विचारायच्या, "औसा आलं का वो?" ते पुढून म्हणायचे, "आलंच." औसा यायच्या आधीच त्यांचं विचारणं थांबलं.

आतडं फुटलं होतं, गाडीनं काही झालं नाही, असं डॉक्टर म्हणाले. भुजंगरावांनी मान डोलावली. तेराव्याला पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं, जुनी गाडी विकून टाकली. रडू काही आलं नाही. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. लोकांचं काय, त्यांना काहीही दिसतं.

पण पोती बाजारात न्यायचीच होती आणि गावातली आजारी माणसंही कुणाच्या तरी गाडीतून जाणारच होती. म्हणून ते आज इथं लातूरला आले होते.

श्रीशैलनं गाडी काढली. खड्डा आला की हौदा हलकेच दबायचा, पुन्हा वर यायचा. पाठीला काही लागत नव्हतं. स्वस्तातली गाडी, पण चांगली होती. त्यांना बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. विजेच्या तारा डोक्यावरून मागं जात राहिल्या आणि ते बघत राहिले.

गाडी थांबली. श्रीशैलनं खिडकीतून मुंडी बाहेर काढली.

"मामा, औसा आलं. फिरवू का माघारी?"

भुजंगराव उठले नाहीत. शेजारचा रिकामा पत्रा त्यांनी हातानं थोपटला आणि निजलेल्या माणसाला सांगावं तसं हळू म्हणाले, "उठ. आलं बघ औसा."