गुपचुप आणि कानापुढचा सांधा

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली. हे पान कुणाच्या हाती पडलंच तर माफ करावं. तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

रायपुर नव्या राज्याची राजधानी होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आम्ही भनपुरीला राहायचो. एकदा धाकटी नणंद आणि मी शंकर नगरला गुपचुप खायला थांबलो. दुसरीकडे त्याला पाणीपुरी म्हणतात. चारचौघांत तोंड उघडायला मी लाजते, म्हणून भिंतीकडे वळले आणि पदराआड मोठा आ केला. दोन्ही कानांजवळ कट्ट झालं. गुपचुप पदरावर फुटलं आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"वहिनी, मिटव न आता. लोक पाहून राहिले," नणंद हसली.

मिटतच नव्हतं. लाळ गळत होती. "मले" म्हणायला गेले तर नुसतं "अये" निघालं. ओठाला ओठ लागल्याशिवाय म निघत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

नणंदेचं हसू गेलं. "लकवा तर नाही न मारला?"

आता जन्मभर असंच राहणार, या भीतीने मी दोन्ही हातांनी हनुवटी वर रेटू लागले. गुपचुपवालाही घाबरला. आमच्याजवळ परतीच्या भाड्यापुरतेच पैसे होते. त्याने गल्ल्यातल्या नोटा नणंदेच्या हातात कोंबल्या. "दीदी, पहले डॉक्टर को दिखाओ. पैसा बाद में."

जवळच दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, दक्षिणेकडून नव्याच आलेल्या.

"क्या हुआ?"

"मॅडम, भाभी ने गुपचुप खाया, और…"

"गुपचुप क्या खाया?" बाईंचा चेहरा बदलला. "घर में झगड़ा हुआ था?"

"नहीं मॅडम, गुपचुप ही खाया."

"वो समझ गई. लेकिन खाया क्या?"

बाईंना वाटलं, मी चोरून विष घेतलं. मला बोलता येईना. मी भिजलेला पदर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वास घेतला. पुदिना, चिंच.

"पानीपुरी?"

"हव, वही," नणंद म्हणाली.

बाईंनी अंगठ्यांना पट्टी गुंडाळली, माझ्या खालच्या मागच्या दाढांवर टेकवले, जबडा खाली दाबला आणि मागे ढकलला. खट् झालं. ओठ ओठाला लागले. मी हळूच "मले" म्हणून पाहिलं. निघालं.

मग त्यांनी कपाटातून प्लास्टरची कवटी काढली. खालच्या जबड्याची दोन गोल टोकं कानापुढच्या खळग्यांत बसलेली होती. थोडं तोंड उघडलं की ती जागच्या जागी फिरतात, दाराच्या बिजागरीसारखी. मोठा आ केला की खळग्यातून निघून उतारावरून पुढे घसरतात. हाडावर हाड घासू नये म्हणून मध्ये एक मऊ चकती असते, तीही सोबत सरकते. ती चकती जागची हलली तर तोंड उघडताना टक्-टक् वाजतं, कधी तोंड पुरतं उघडतच नाही. माझी टोकं पुढच्या उंचवट्याच्या पार गेली होती आणि स्नायूंनी त्यांना तिथेच आवळून धरलं होतं.

मी बघतच राहिले. आजवर भाकरी चावली, अंगाई म्हटली, लेकरांवर ओरडले, आणि एवढं बारीक कारागिरीचं काम माझ्याच कानापाशी चालू होतं. बाईंनी माझं बोट कानापुढे ठेवून तोंड उघडायला लावलं. बोटाखाली काहीतरी जिवंत सरकलं.

काही दिवस पातळ खाल्लं. जांभई आली की हनुवटीखाली मूठ लावायची, असं बाईंनी बजावलं होतं. बसमध्ये कुणी फुटाणे खात असलं की मी चोरून त्याच्या कानशिलाकडे पाहत बसायची. त्या माणसाला काही माहीत नसायचं.

साड्यांना फॉल लावून थोडे थोडे पैसे जमत गेले. तिकडे गेले की गुपचुपवाल्याला देऊन यायची. शेवटच्या वेळी त्याने प्लेट पुढे केली.

"दीदी, खाओ. इस बार छोटा बनाया है."

मी ते अर्धं मोडून, त्याच्याकडे तोंड करून खाल्लं. मग उरलेले पैसे दिले. त्याने मोजले आणि म्हणाला, "पूरा हो गया, दीदी."