आक्काची चिमूट

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला, तसा मी खडू ठेवून ऑफिसात गेलो. कोडोलीहून भाचीचा फोन होता. "मामा, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि माझी थोरली बहीण, आमची आक्का, गेली. आई लवकर गेल्यावर मला तिनंच वाढवलं, त्यामुळं मी दुसऱ्यांदा पोरका झालो. काही आठवडे उलटले, पण अजून कोल्हापूरच्या मंडईत टोमॅटोचा ढीग दिसला की मी वाट बदलतो.

आक्का लग्न होऊन कोडोलीला गेली ती पिढीजात ऊसकऱ्यांच्या घरात. दाजी देवमाणूस, पण हात सैल. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून आमटी वाढणार! उसालाही ते युरिया असाच वाढायचे. नव्वदच्या दशकात कधीतरी आक्कानं हट्ट धरला, विहिरीजवळच्या रानात टोमॅटो करायचा. सगळे हसले. सासरे म्हणाले, "एक साल कर. न्हाय जमलं तर पुन्यांदा रानाचं नाव काढायचं न्हाय." तिला ते फार लागलं. इतकी वर्षं ती त्या रानात राबत होती, पण तिथं काय लावायचं हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

बायकोचं रान उठून दिसावं म्हणून दाजींनी मायेपोटी उसासारखाच मुठी भरभरून युरिया टाकला. झाडं छातीला लागली, पानं काळपट हिरवी झाली. येणारे-जाणारे सायकल थांबवून बघायचे आणि दाजी मिशीत हसायचे. पण फुलं येईनात, आली ती गळू लागली. मी रविवारी गेलो तर आक्का बांधावर बसून रडत होती. आई गेल्यानंतर तिला रडताना मी पाहिलं नव्हतं.

"झाडं माजल्यात रं," ती मला म्हणाली. "नुसता पाला. ह्येंनी मायेनं घालवलं की माझं रान!"

दाजी मान खाली घालून उभे होते. "मला वाटलं, हिरवं हाय म्हंजे खूश हाय."

आक्कानं युरिया बंद केला, पाणी आवरतं घेतलं आणि वाट बघत बसली. उशिरा का होईना, वरच्या फांद्यांवर फुलं टिकली, फळ धरलं. टोमॅटोची पहिली बुट्टी भरून घरात आली तेव्हा सासऱ्यांनी एक टोमॅटो मीठ लावून खाल्ला आणि म्हणाले, "फुडच्या सालीबी करा." आक्कानं हे मला किती वेळा सांगितलं असेल... दर वेळी डोळ्यांत पाणी.

तेव्हापासून त्यांचा एक रिवाज पडला. रोपांनी जीव धरला की थोडा युरिया, फळं सुपारीएवढी झाली की पुन्हा थोडा, फुलाच्या दिवसांत हात आखडता. आणि प्रत्येक सरीच्या तोंडाशी दाजींनी मूठ उघडून दाखवायची. आक्का त्यातला चिमूटभर काढून बादलीत टाकायची. "आजबी ऊसच वाटला व्हय?" असं वर ऐकवायची. दाजी मुद्दाम जास्त भरून घेतात, असा मला पुढं पुढं संशय यायचा.

गेल्या रविवारी कोडोलीला गेलो. दाजी एकटेच विहिरीजवळच्या रानात होते. रोपांनी नुकताच जीव धरला होता. सरीच्या तोंडाशी त्यांनी बादलीत हात घातला, वळले आणि सवयीनं मूठ उघडली. समोर मी होतो.

"पावणं, जास्त हाय का वो?"

त्यांनीच दुसऱ्या हातानं थोडा काढून बादलीत टाकला. "तुमच्या आक्कानं अजून काढला असता," म्हणाले, आणि अजून थोडा काढला. मग अजून थोडा. तळहातावर काही उरलं नाही तरी हात तसाच पुढं धरून ते उभे राहिले.