चावी माझ्या खिशात

होसकोटेच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मी सरकारी योजनेतून सहा महिने शिकाऊ म्हणून होते. आमच्या घराण्यात सगळे कचेरीवाले. कितीतरी पिढ्या बेंगळुरूत गेल्या, पण कोणी हातात पाना धरला नव्हता. मी धरणार म्हटल्यावर काकूने नाक मुरडलं, "इतकं शिकून आता मिरच्या कुटणार!" मी पडले हट्टी. गेलेच.

तिथलं मसाले मिसळायचं यंत्र पाहिलं आणि माझी बोलती बंद झाली. माणूस उकिडवा बसेल एवढी आडवी लोखंडी कोठी, आणि आत जिलबीसारखी वळत गेलेली पाती. बटण दाबलं की पोतीच्या पोती तिखट पाण्यासारखं घुसळलं जायचं. रोज बघायचे आणि रोज तोंडाचा आ व्हायचा.

माल बदलला की कोणीतरी कोठीत उतरून कोपरे खरवडायचे. त्याचा रिवाज ठरलेला होता. उतरणाऱ्याने यंत्राच्या कडेला असलेल्या मुख्य स्विचचा दांडा खाली ओढायचा, त्याला आपलं लाल कुलूप लावायचं आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची. प्रत्येक कुलपावर ज्याचं त्याचं छायाचित्र. ते दुसऱ्याने काढायचं नाही, साहेबानेही नाही.

मला कुलूप नव्हतं. मी मागितलं तर सुपरवायझर म्हणाले, "योजनेच्या कागदावर तू फक्त बघतेस. मशीनला हातच लावत नाहीस. मग कुलूप कशाला?" कागदावर मी बघत होते, प्रत्यक्षात गळ्यापर्यंत तिखटात होते. दुसऱ्यांच्या कुलपाच्या भरवशावर उतरायचे. राग यायचा, पण सांगायचं कोणाला?

त्या दिवशी जोडीला फिटर अण्णा होते. निवृत्तीला आलेले, बोलणं मोजकं, तेही कानडीतून. त्यांनी दांडा ओढून आपलं कुलूप लावलं, आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

"अण्णा, तुम्ही जा," मी म्हटलं. "स्वल्पच काम आहे, मी आटपते."

अण्णा दोन पावलं गेले आणि परत आले. खिशातून चावी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

"आपली चावी दुसऱ्याला द्यायची नसते ना?" मी विचारलं.

"आत तू उतरणार," ते म्हणाले. "मग ती माझी कशी?"

मी तोंडाला मास्क बांधून उतरले. पात्यांच्या मधे बसून तळ खरवडत होते. थोड्या वेळाने लोखंडातून आवाज आला. खट्. कोणीतरी दांडा वर ढकलत होतं. पुन्हा खट्. हातातला खरवडा गळून पडला. ओरडायला गेले तर आवाज फुटेना. दोन्ही बाजूंना पाती होती. मी मेले, एवढंच मनात आलं.

तिसऱ्यांदा खट् झालं. दांडा हलला नाही.

ती पोती घुसळणारी सगळी ताकद एका बोटभर कुलपापाशी येऊन थांबली होती. मी खिशातली चावी घट्ट धरली. देवळातही मला कधी इतकं लहान आणि इतकं जपलेलं वाटलं नव्हतं. अण्णांचे पाय धरावेत असं वाटलं, आणि ते तर तिकडे भात कालवत बसले असणार.

बाहेर सुपरवायझर फोनवर तडकले होते. "अण्णा, कुलूप काढायला विसरलात! गाडी माल भरायला उभी आहे. चावी घेऊन या!" अण्णा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मग धावती पावलं जवळ आली आणि कोठीच्या तोंडाशी त्यांचा चेहरा दिसला, पांढराफटक.

मी कशीबशी बाहेर आले. चावी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. कोठीत वाकून पाहिलं.

"आत अजून कोणी आहे?"

"नाही, सर."

ते पुन्हा वाकले. रिकामी कोठी त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"नक्की?"

"मी एकटीच होते, सर."

"एकटीच," ते म्हणाले, आणि तिथेच तिखटाने लाल झालेल्या फरशीवर मटकन खाली बसले.